तळ्याकाठचे बिऱ्हाड

तळ्याच्या काठी बिऱ्हाड करणाऱ्या गृहस्थास पाहुण्यांची उणीव कधी भासत नाही. पवईस राहावयास आल्यापासून आम्ही याचा पुरेपूर अनुभव घेत आहो. ज्यांची गाठ पूर्वी लग्नमुंजीपलीकडे पडत नसे असे आप्तेष्ट आता रविवारी सकाळी सहकुटुंब दारात उभे राहतात, आणि पायांतील जोडा निघण्यापूर्वीच, "ती तुमची गॅलरी कोणीकडे?" असा प्रश्न करितात. चहा अर्थातच गॅलरीत द्यावा लागतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगराची निळसर कड, मध्येच एखाद्या खांबावर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा. पाहुणा कठड्यावर कोपरे टेकून घटकाभर स्तब्ध राहतो, आणि मग जे पहिले वाक्य बोलतो ते आम्हांस आता तोंडपाठ झाले आहे: "काय हिरवेगार आहे हो!"

यजमानाच्या धर्मास अनुसरून आम्ही मान डोलावितो. परंतु खरे सांगावयाचे तर या हिरवेपणाइतके आमच्या जिवास लागून राहिलेले दुसरे दुखणे नाही. शेत हिरवे असावे, डोंगर हिरवा असावा. पण पाणी हिरवे दिसू लागले म्हणजे ते आजारी पडले आहे असे खुशाल समजावे. आमच्या तळ्यावर हा रंग दोन रूपांनी अवतरतो. एक जलपर्णी. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणा शोकिनाने केवळ फुलांच्या मोहाने ती बंगालात आणिली, आणि तिने तेथील नद्यानाल्यांचा असा कब्जा घेतला की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगाल सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याचा कागद तिने मानला नाही हे सांगावयास नको. अनुकूल ऋतूत पंधरवड्यात ती दुप्पट होते. आज कोपऱ्यात चटईएवढी दिसली तर तीनचार महिन्यांनी तिच्यावर लग्नाची पंगत बसविता येईल. दुसरे रूप शेवाळाचे. ते डोळ्यांस वनस्पती म्हणून दिसतही नाही; पाण्यात कोणी हिरवा रंग कालविला आहे असेच वाटते, आणि वारा पडला की काठाशी त्याची साय धरते. त्यातील काही जाती यकृतास घातक असे विषही पाण्यात सोडितात.

दर वर्षी जलपर्णी काढण्याचे काम निघते. यंत्रे येतात, तराफे येतात, हिरवे ढीग काठावर चढतात, वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते आणि आठ-पंधरा दिवस पाणी खरोखरच पाण्यासारखे दिसते. या कष्टांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. काढलेली पर्णी दूर नेऊन टाकिली तर तिच्या अंगी मुरलेले खत तेवढे तरी तळ्याबाहेर जाते. मात्र ती काठावरच कुजत पडली तर पहिल्या पावसासरशी सारे होते तेथे परत येते. ज्वर आलेल्या माणसाच्या कपाळावरील घाम पुसला तर त्यास बरे वाटते खरे, पण ज्वर कशाने आला हा प्रश्न शिल्लक राहतो.

पवईचे तळे हे नैसर्गिक सरोवर नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मुंबईस पाणी पुरेना म्हणून डोंगरांमधील खोलगट जागी बांध घालून १८९० साली ते तयार करण्यात आले. त्यापूर्वी ही सारी भूमी शेतवाडीची होती. फ्रामजी कावसजी या उद्योगी पारशी गृहस्थांची येथे मोठी बागायत होती आणि तेथील आंबे त्यांनी १८३८ साली व्हिक्टोरिया राणीस नजर म्हणून विलायतेस धाडिले होते. आंबे कोणत्या अवस्थेत पोचले असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. असो. पूर्ण भरले असता या तळ्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. पाण्याचा विस्तार सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि ज्या भूमीवरचा पाऊस वाहून तळ्यात येतो ते पाणलोट क्षेत्र सुमारे ६.६१ चौरस किलोमीटर. पाण्यास विस्ताराने भागले तर सरासरी खोली अडीच मीटरही भरत नाही. अशा उथळ तळ्याचे पाणी पहिल्यापासूनच फारसे चांगले नव्हते. १८९२ साली तान्साचे विपुल पाणी शहरात आले आणि पवईच्या पाण्याची पिण्यासाठी गरज उरली नाही. पुढे ते कारखान्यांकडे आणि आरे वसाहतीकडे गेले.

ज्या पाण्याची तहान नाही त्याची राखण कोण करितो? मुंबईचा या बाबतीतील इतिहास मोठा बोलका आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे ट्रामच्या काळापासून बसच्या काळापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. पण तेथे जाऊन ओंजळभर पाणी मिळवून दाखवावे! नळ घरात आला, तलाव मागे पडला. मागे पडला तो घाण झाला. घाण झाला तो डासांच्या आणि हिवतापाच्या भयाने बुजविला गेला. आणि बुजविल्यावर त्याचे नाव तेवढे चौकास ठेवून शहराने आपली कृतज्ञता व्यक्त केली. पवईचे आकारमान मोठे म्हणून त्यावर हा प्रसंग अद्याप आलेला नाही, एवढेच.

पवईच्या उशालाच, तिच्याहून वडील असे एक तळे आहे. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. मुंबईस बंद नळाने पाणी देणारा तो पहिला मोठा जलाशय. पाण्याचा साठा पवईच्या पाचपट. त्याच्या वर तुळशी तलाव. तुळशी भरून वाहू लागली की तिचे पाणी विहारात उतरते. विहाराचे आणि पवईचे सांडव्यावरून पडलेले पाणी मिठी नदीस मिळते व दोघेही अखेर माहीमच्या खाडीस जातात. म्हणजे डोंगर तेच, खडक तोच, आषाढातले ढगही तेच. तरी विहाराचे पाणी आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही शुद्ध करून मुंबईकरांस पाजिले जाते, आणि पवईच्या पाण्यात आम्ही पाय धुवावयासही धजणार नाही. (मगरींचे भय हे त्याचे दुसरे कारण, त्या येथे आहेत, आणि हिवाळ्यात उन्हास येऊन पडतात.)

एका स्नेह्याच्या खटपटीने एकदा रीतसर परवाना मिळून आम्हांस विहाराच्या बांधावर जाण्याचा योग आला. तेथे पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारिले तर काहीच नाही असे उत्तर द्यावे लागेल. बंगला नाही, बाग नाही, दिव्यांची रांग नाही, भेळेची गाडी नाही. चोहोबाजूंस राष्ट्रीय उद्यानाचे रान थेट पाण्यापर्यंत उतरलेले, आणि बांधालगतच्या पाण्यात बुडालेले धोंडे त्यांच्यावरील शेवाळाच्या ठिपक्यांसह स्वच्छ दिसत होते. आम्ही बराच वेळ ते धोंडेच पाहत बसलो. सोबतच्या पहारेकऱ्यास आमच्या रसिकतेविषयी शंका आली असावी. त्या दिवशी आम्हांस जे उमगले ते कोणत्याही पाणीपुरवठ्याच्या पुस्तकात एका ओळीत सापडेल. परंतु डोळ्यांनी पाहिल्यावाचून ते पटत नाही. तळे म्हणजे पाण्याने भरलेला खळगा नव्हे. त्याच्या भोवतीची जी भूमी पावसाचे पाणी त्याकडे लावून देते ती सारी भूमी म्हणजे तळे. विहाराच्या त्या भूमीवर साग, ऐन आणि बांबू राहतात. पवईच्या भूमीवर आम्ही राहतो.

एकच पाणी दोन वाटांनी गेले तर काय होते याचा प्रयोग कॅनडातील शास्त्रज्ञांनी मुद्दाम करून पाहिला आहे. ऑन्टॅरिओ प्रांतातील रानात काही लहान सरोवरे केवळ प्रयोगासाठी राखून ठेविली आहेत. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यांतील २२६ क्रमांकाचे सरोवर मध्यभागी चिंचोळे आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनी त्या चिंचोळ्या जागी आरपार पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत त्यांनी कर्ब आणि नत्र ही द्रव्ये घातली. एका भागात मात्र त्यांबरोबर स्फुरदही घातले. थोड्याच आठवड्यांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला आणि पडद्याअलीकडचा भाग होता तसाच काळसर निर्मळ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. पाण्यातील शेवाळास कोणते द्रव्य फोफावविते याविषयी त्या काळी साबणाचे कारखानदार आणि शास्त्रज्ञ यांच्यात मोठा वाद माजला होता. त्या एका छायाचित्राने तो जितका मिटविला तितका शंभर प्रबंधांनी मिटला नसता. ते चित्र पाहिले तेव्हा आमच्या मनात विहार आणि पवई उभी राहिली. आपल्याकडे पडद्याचीही गरज पडली नाही.

नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आपल्या शेतकऱ्यास चांगली परिचित आहे; खताच्या गोणीवर ती छापलेलीच असते. तळ्याचे दुर्दैव असे की जे शेतास पोसते तेच त्यास मारिते. एक किलो स्फुरद सुमारे पाचशे किलो ओल्या शेवाळास पुरते असा पाणीतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. आणि हे स्फुरद येते कोठून? मुख्यत्वेकरून आमच्या तुमच्या मोऱ्यांतून. माणसाच्या मलमूत्रात ते असते, कपडे व भांडी धुण्याच्या कित्येक चुऱ्यांत ते असते. महापालिकेच्याच गणतीप्रमाणे पवईच्या तळ्यात दररोज सुमारे १ कोटी ८० लक्ष लिटर सांडपाणी शिरत आले आहे. हा आकडा वाचून आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. ३०० दिवसांत ते ५४० कोटी लिटर होते. म्हणजे दहा महिन्यांत या तळ्याच्या पोटात मावेल तितके सांडपाणी त्यात ओतले जाते. लिटरमागे पाच मिलिग्रॅम स्फुरद धरिले, आणि घरगुती सांडपाण्यास हे काही फार नव्हे, तर रोजचे नव्वद किलो. त्यास पाचशेने गुणण्याचे काम आम्ही वाचकांवर सोडितो. तळ्याचे पाणी हिरवे पडू नये तर त्यात लिटरमागे तीस-पस्तीस मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक स्फुरद असता कामा नये. म्हणजे असल्या एका तांब्या सांडपाण्यास केवळ सौम्य करावयाचे तर सुमारे दीडशे तांबे निर्मळ पाणी हवे. निर्मळ पाणी चार महिनेच आकाशातून पडते, आणि तेही तेवढे नव्हे; उरलेले आठ महिने केवळ सांडपाणीच येत राहते.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलून टाकितो. तळ्याच्या दुर्दशेचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळी पहिले बोट गणेशविसर्जनाकडे दाखवितात. रंग आणि गिलावा यांनी पाण्याचे नुकसान होते यात संशय नाही आणि शाडूची लहान मूर्ती घरच्या बादलीत विसर्जन करावी या मताचे आम्हीही आहो. परंतु गणपती वर्षातून मोजके दिवस पाण्यात जातात, वाजतगाजत जातात, म्हणून दिसतात. आमची मोरी तीनशे पासष्ट दिवस मुकाट्याने वाहते. जे वाजत नाही त्यावर अग्रलेख लिहिले जात नाहीत.

पाण्याची प्रकृती पाहण्याचे एक सोपे साधन आहे. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो ज्योतिर्विदही होता, १८६५ साली समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी दोरीने खाली सोडिली आणि ती दिसेनाशी झाली तेथे दोरीस खूण केली. आजही जगभर सरोवरांचे निदान याच रीतीने आरंभिले जाते. आम्ही घरातील एक जुनी ताटली घेऊन तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे चार चतकोर रंगविले, खाली वजन बांधिले, आणि गळ टाकून मासे धरण्याचा छंद असलेल्या एका मित्राच्या नावेतून चैत्रातल्या एका पहाटे तळ्यावर गेलो. ताटली पाण्यात सोडिली. कोपरापर्यंत हात बुडेल इतक्या खोलीवर तिचे पांढरे चतकोर पिवळट झाले, मग हिरवे झाले आणि मग नाहीसे झाले. मित्र म्हणाला, "दोरी पुष्कळ आणली होती की तुम्ही!"

पहाटेची वेळ त्यानेच सुचविली होती, आणि त्याचे कारणही तेथेच दिसले. ठिकठिकाणी मासे तोंड पाण्याबाहेर काढून गचके देत होते. पाहणाऱ्यास ती मौज वाटते. वस्तुतः ती धाप असते. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यास प्राणवायू देते, पण रात्री तेच तो ओढून घेते. त्यात मैल्याचे कुजणे चालू असतेच. अशा पाण्यात पहाटेच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी उरतो. माशांच्या जगण्यास लिटरमागे चार मिलिग्रॅम तरी प्राणवायू असावा असा सरकारी दंडक आहे. परंतु मासळीस दंडक वाचता येत नाही, तिला केवळ जीव घाबरा झालेला कळतो. एखाद्या अभ्राच्छादित, निवांत दिवसानंतर काठाशी शेकड्यांनी मेलेले मासे तरंगतात, ते बहुधा अशा रात्रीचे बळी असतात.

हे सारे वाचून कोणी निराश होऊ नये. गेलेले तळे परत आल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्या गावचे आहे तेथे आमच्याच इमारतीतील दोन घरांची मुले नोकरीस आहेत. अमेरिकेतील सिएटल शहराच्या पूर्वेस लेक वॉशिंग्टन नावाचे लांबलचक सरोवर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठच्या वसाहती वाढल्या आणि त्यांचे सांडपाणी, बरे का, प्रक्रिया केलेले सांडपाणी, सरोवरात पडू लागले. १९५५ साली तेथील विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेस पाण्यात एका विशिष्ट शेवाळाचा प्रादुर्भाव आढळला. याच शेवाळाने पूर्वी झुरिकच्या सरोवराचा घात केला होता, हे एडमंडसन यांस ठाऊक होते. त्यांनी पुढे काय होणार ते आधीच सांगितले, आणि स्फुरद थांबविले तर ते टळेल हेही सांगितले. सर्व गावांनी मिळून एक मोठी वाहिनी बांधावी व सांडपाणी सरोवराबाहेर न्यावे अशी योजना निघाली. तिच्यासाठी लोकांस आपल्या खिशातून पैसे द्यावे लागणार होते. १९५८ च्या मार्चमध्ये मतदान झाले आणि योजना पडली. त्या उन्हाळ्यात सरोवराने आपली बाजू स्वतःच, वासाच्या रूपाने, मांडिली. सप्टेंबरात पुन्हा मतदान झाले आणि योजना मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळविण्यात आले. १९६४ च्या सुमारास सेक्कीची तबकडी तेथे एका मीटरवर दिसेनाशी होई. दहा वर्षांच्या आत ती तिप्पट खोलीवर दिसू लागली.

अर्थात लेक वॉशिंग्टन खोल आहे. पवई उथळ आहे. उथळ तळ्याचे दुखणे अधिक चिवट असते. वर्षानुवर्षे आलेले स्फुरद त्याच्या गाळात साठून राहते आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळ ते पुन्हा पाण्यास परत करितो. म्हणून आज सर्व मोऱ्या बंद झाल्या तरी उद्या पाणी निवळणार नाही. परंतु पवईजवळ एक देणगी अशी आहे की जी त्या अमेरिकन सरोवराजवळ नाही, आणि ती म्हणजे आपला पावसाळा. साडेसहा चौरस किलोमीटरांवर दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातील निम्मे पाणी जिरले, उडाले असे मानिले तरी उरलेले तळ्याच्या साठ्याहून अधिक भरते. निसर्ग दर वर्षी हे भांडे विसळून देण्यास तयार आहे. भांड्यात पुन्हा काय टाकावयाचे एवढेच आपल्या हाती आहे. महापालिकेने काही सांडपाणी भांडुपच्या केंद्राकडे वळविण्याची आणि उरलेल्यावर काठी प्रक्रिया करण्याची योजना आखिली, हे उत्तमच. पण सिएटलच्या अनुभवावरून एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. तेथे सरोवर बिघडविले ते प्रक्रिया केलेल्या पाण्याने. दुर्गंधी आणि जंतू काढिले म्हणजे स्फुरद निघाले असे होत नाही. ते काढण्याची निराळी तजवीज लागते.

तळ्यावर प्रेम करणाऱ्यांची वाण नाही, हे मात्र आम्ही साक्षीने सांगू. काही वर्षांपूर्वी त्या प्रेमाच्या भरात तळ्याच्या कडेने दगड रचून सायकलींसाठी मार्ग करण्याचे घाटले. काम सुरूही झाले. अखेर ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवून घातलेला भराव काढण्याचा हुकूम केला. आम्ही स्वतः सायकलीचे शत्रू नाही. पण सौंदर्य पाहावयास सोयीची जागा हवी म्हणून ते सौंदर्यच थोडे बुजवावे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी तळ्याकडे गॅलरीतूनच पाहिले असावे.

आता आमच्या इमारतीची हकीकत सांगून हा लेख आटोपता घेऊ. आमच्या सोसायटीत एक निवृत्त स्थापत्य अभियंते राहतात. मागील नाल्यास पावसाळा नसतानाही पाणी का असते, या प्रश्नाने त्यांना झोप येईना. कोरड्या दिवसांत पर्जन्यजलाचा नाला कोरडा असला पाहिजे. नसेल तर कोणाची तरी मोरी त्यास जोडलेली आहे. त्यांनी मिठाईवाल्याकडून जिलबीत घालावयाच्या केशरी रंगाच्या पुड्या आणविल्या, एकेका जिन्याच्या संडासात एकेक दिवस तो रंग ओतविला आणि नाल्याच्या तोंडाशी रखवालदारास बसविले. पहिल्या जिन्याचा रंग दिसला नाही. दुसऱ्या जिन्याचा रंग पाव तासात नाल्यात उतरला, आणि तेथून तळ्याकडे चालता झाला. घरे बांधणाऱ्याने मुख्य मलवाहिनीपर्यंत खोदकाम करण्याचा खर्च वाचविला होता. त्याची पेढी केव्हाच मोडली होती. एका कचेरीस पत्र धाडिले. ही बाब दुसऱ्या कचेरीची आहे असे उत्तर चार महिन्यांनी आले.

सभा भरली. जोडणी बदलावयाची तर प्रत्येक बिऱ्हाडास बरीच रक्कम द्यावी लागत होती. अपराध बांधणाऱ्याचा, भुर्दंड आम्हांस का? आसपासच्या दहा इमारती हेच करितात, आम्ही एकट्याने सुधारून काय होणार? तळे महापालिकेचे आहे, तिने पाहावे! पहिल्या जिन्यातील मंडळींचे म्हणणे आणखी सरळ होते: रंग दुसऱ्या जिन्याचा निघाला, तेव्हा वर्गणीही दुसऱ्या जिन्याने द्यावी. दोन तास हेच चालले. अखेर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या सभेस केवळ चहासाठी येतात अशी त्यांची ख्याती आहे, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तळे दिसते म्हणून जागांचे भाव चढले, तेव्हा कुणी उठून म्हटले नाही हो, तळे पालिकेचे आहे म्हणून!" चिटणीसांनी त्याच हशात हात वर करावयास सांगितले. ठराव तीन मतांनी मंजूर झाला. वर्गणी दोन्ही जिन्यांवर सारखी पडली. ती पुरी वसूल व्हावयास मात्र वर्ष लागले, आणि दोन बिऱ्हाडांची बाकी अजून येणे आहे.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता खोदून मोरी मुख्य वाहिनीस जोडिली. अभियंत्यांनी पुन्हा केशरी रंग ओतविला. रखवालदार दोन तास नाल्याशी बसून राहिला, काही उतरले नाही. नाल्यातील पाणी पूर्वीहून थोडे कमी झाले आहे. वरच्या अंगास असलेल्या इमारतींचे ते अजून येतेच. तळ्यात काही फरक पडल्याचे आम्हांस दिसत नाही. ताटली अद्याप कोपराइतक्या खोलीवरच नाहीशी होते, आणि रविवारचे पाहुणे अद्याप तेच वाक्य बोलतात. परवा संध्याकाळी मात्र वरच्या इमारतीचे चिटणीस आमच्या अभियंत्यांचा पत्ता विचारीत चुकून आमच्या दाराशी आले. आम्ही त्यांना चहास बसविले. गॅलरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. एका जिन्यास रंगाच्या किती पुड्या लागतात, एवढेच त्यांना हवे होते.